अज्ञातवासातलं नाटक

तुम्ही पुण्यात आहात, साल 1907. थिएटरात पाय ठेवायला जागा नाही. बत्त्यांच्या धगीनं उकडतंय, रॉकेलचा वास डोक्यात गेलाय आणि पुढच्या माणसाच्या पगडीमुळे रंगमंचाचा डावा कोपरा तुम्हाला दिसत नाहीये. शेजारच्या गृहस्थांनी मंगळवारचा ‘केसरी’ घडी करून मांडीखाली दाबलाय. त्यांच्या अंगावरचं धोतर स्वदेशी गिरणीचं आहे. 1905 च्या ऑक्टोबरात याच शहरात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हापासून पुष्कळांनी धोतर बदललंय.

तिसरी घंटा होते. दर्शनी पडदा वर जातो.

महाराष्ट्र नाटक मंडळीचा हा खेळ गद्य आहे. यात पदं नाहीत, म्हणून वन्स मोअरही नाही. जे काय साधायचं ते नुसत्या बोलण्यातून. नाटक ‘कीचकवध’, लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. सांगलीचा हा माणूस टिळकांच्या ‘केसरी’त काम करतो. गोष्ट मात्र जुनीच, कीर्तनातून शंभरदा ऐकलेली. पांडवांच्या वनवासाची बारा वर्षं संपलीत. तेरावं वर्ष अज्ञातवासाचं. विराटाच्या दरबारी युधिष्ठिर कंकभट झालाय, भीम बल्लव नावाचा आचारी, द्रौपदी राणी सुदेष्णेची दासी सैरंध्री. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास.

कीचक रंगमंचावर येतो. राणीचा भाऊ, राज्यातला सर्वांत बलाढ्य माणूस. त्याला सैरंध्री हवी आहे. त्याच्या दृष्टीनं ती दासी आहे, आणि दासी मागितली की द्यायची असते. तो बोलत असताना तुमच्या आसपास काय होतंय, ते पाहा. कुणी हसत नाही, कुणी ओरडत नाही. सगळे किंचित पुढे सरकलेत. ती कोण आहे हे थिएटरातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. एकट्या कीचकाला ठाऊक नाही. त्याचा प्रत्येक उर्मट शब्द त्याच्याच मरणाकडे जाणारी एकेक पायरी आहे. पात्राला कळत नाही आणि प्रेक्षकाला कळतं, या फटीत नाटककार आपली वात पेटवतो. पुढं कॉलेजातले मास्तर याला नाट्यगत उपरोध म्हणतील. इथं त्याला नाव लागत नाही. शेजारच्या गृहस्थांची मूठ वळलीये, तेवढं पुरे.

ही फट खाडिलकरांनी पाडलेली नाही, ती व्यासांची. थोडं आणखी मागं जा, विराटपर्वात. कीचकानं भर सभेत द्रौपदीला लाथ मारली आहे. भीम दात खात समोरच्या झाडाकडे पाहतोय. ते उपटायचं आणि कीचकाला ठेचायचं, एवढंच त्याच्या मनात आहे. फासे खेळणारा कंक मान वर करतो आणि आचाऱ्याला विचारतो, सरपणासाठी झाड शोधतोयस का? तसं असेल तर बाहेर जा, तिथली झाडं तोड. सभेला ऐकू येतं ते एका आचाऱ्याला लाकडांबद्दल केलेलं बोलणं. भीमाला ऐकू येतं ते थोरल्या भावाचं, इथं नको, ओळख उघडी पडेल. वाक्य एक, ऐकणारे कान दोन. पत्नी समोर रडते आहे आणि धर्मराजाला तिच्या बाजूनं उघड एक शब्द काढता येत नाही. भावाला आवरायचं तर तेही सरपणाच्या आडून. खरं कारण लपवून भलतंच पुढं करायचं, या व्याजोक्तीची व्याख्या मी कितीदा तरी वाचली असेन. ती कळली मात्र या सरपणानं.

आता 1907 कडे परत या आणि नीट ऐका, कारण इथं तिसरा कान आहे. कीचकाच्या तोंडून सत्तेचा माज बाहेर पडतो तेव्हा थिएटराला विराटनगर ऐकू येत नाही, कलकत्ता ऐकू येतं. तिथले व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन 1905 च्या अखेरीला हिंदुस्थान सोडून गेले. त्यांनी केलेली बंगालची फाळणी मागं उरली. सैरंध्री म्हणजे कोण, हे सांगायला कुणी पुढं येत नाही. धीर धरा, सौम्यपणानं घ्या, असं सांगणारा कंक म्हणजे काँग्रेसमधला मवाळ, आणि ज्याला धीर धरवत नाही तो बल्लव म्हणजे जहाल. एकही नाव उच्चारलं जात नाही. जुन्या शास्त्रकारांनी अभिधेच्या, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाच्या, पलीकडे सुचवणारी व्यंजना मानली आणि आनंदवर्धनानं ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं, ते हेच. शब्द रंगमंचावर थांबतो, अर्थ प्रेक्षकांत जाऊन बसतो. कुणी गुप्त पोलीस मागच्या रांगेत असेलच, तर तो लिहून काय घेणार? महाभारत?

जुलमी तर पुराणांत पुष्कळ. रावण आहे, कंस आहे, हिरण्यकशिपू आहे. मग कीचकच का? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, या कथेत वेषांतर मुळातच आहे. वेषांतर केलेल्यांच्या गोष्टीत आपला विषय वेषांतर करून आणणं किती सहज होतं! दुसरं कारण जास्त खोल आहे. इथं अपमान झालेल्या बाईच्या घरातच दोन मतं आहेत. जुलमी कसा मारावा हा वाद रावणाच्या गोष्टीत होत नाही, इथं होतो. आणि तोच वाद त्या वर्षी देशात चाललाय. डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटणार आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. 1905 च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी कुणी केली होती? गोखल्यांनी. म्हणजे जे खाडिलकरांना पडद्याआडून सांगावं लागलं, ते एक मवाळ भर व्यासपीठावरून नाव घेऊन बोलून गेला होता. रूपक एका माणसाला एकच मुखवटा देतं. कंकाचा मुखवटा गोखल्यांच्या चेहऱ्याला पुरत नाही. हे रूपकाचं बळही आहे आणि त्याचा अन्यायही, आणि त्या थिएटरात बसलेल्यांना तो अन्याय जाणवत नाही. तुम्हाला जाणवू द्या.

उत्तररात्र झालीये. बल्लवाचे हात कीचकाच्या गळ्याला भिडतात आणि इतका वेळ कोंडलेला श्वास टाळ्यांतून फुटतो. बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ बोलत नाहीत. मांडीखालचा ‘केसरी’ ते झटकून पुन्हा नीट घडी घालतात.

वर्षभरानं तो ‘केसरी’ही खटल्यात सापडेल. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होईल आणि ते मंडालेला जातील. नाटकाचे खेळ मात्र चालू राहतील. मग 21 डिसेंबर 1909, नाशिक, विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी ‘शारदा’चा खेळ लावलाय आणि अनंत कान्हेरे तिथंच पिस्तूल झाडतो. इथं ना रूपक आहे, ना ध्वनी.

पुढच्याच महिन्यात, 1910 च्या जानेवारीत, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ‘कीचकवध’वर मजकूर येतो आणि त्यात सगळा उलगडा असतो: कीचक कोण, द्रौपदी कोण, युधिष्ठिर आणि भीम कोणते पक्ष. त्याच महिन्यात मुंबई सरकार नाटकावर बंदी घालतं. हत्यार 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचं. बंदी घालायची तर कीचक म्हणजे आपलाच माणूस, हे आधी मान्य करावं लागतं. पुण्यात पगड्यांच्या आडून जे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, ते सरकारनं आपल्या हातानं लिहून दिलं. अज्ञातवासाची अटच अशी की ओळख पटली की वनवास. नाटकाची ओळख पटली आणि नाटक वनवासात गेलं.

तुम्ही आजच्या खुर्चीत परत आला आहात. ‘कीचकवध’चा प्रयोग आता सहसा होत नाही, पण जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तक मिळेल. ते मनातल्या मनात वाचू नका. चारजणांना बसवा, मोठ्यानं वाचा, आणि कीचक बोलू लागला की आपल्यासमोर आज कुणाचा चेहरा उभा राहतो, ते एकमेकांना न सांगता पाहा.