प्लॅटिनमचे औषध: दागिन्यातला धातू कॅन्सरवर कसा आला?

"डॉक्टर, या किमोमध्ये धातू असतो म्हणे. मग ते शरीराला विष नाही का?" सिस्प्लॅटिन सुरू करायचे ठरले, की पेशंट किंवा त्यांचे नातेवाईक हमखास असे विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. सिस्प्लॅटिनच्या रेणूच्या मध्यभागी खरोखरच प्लॅटिनमचा एक अणू असतो, आणि चुकीच्या पद्धतीने दिले तर हे औषध विषारीच ठरते. ते आज जगभर का वापरले जाते आणि ते देताना इतक्या सलाईनच्या बाटल्या का लावतात, हे समजण्यासाठी त्याचा इतिहास पाहावा लागेल.

१२० वर्षे कपाटात

मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४५ च्या सुमारास प्लॅटिनम, अमोनिया आणि क्लोरीन यांचे एक पिवळे संयुग तयार केले. त्याला 'पेरोनेचे क्षार' म्हणत. औषध म्हणून त्याचा विचार कोणी केला नव्हता. रसायनशास्त्रज्ञांना कोडे पडले होते ते वेगळेच: तेच घटक तेवढ्याच प्रमाणात असलेली दोन संयुगे होती, पण त्यांचे गुणधर्म वेगळे होते. असे का?

याचे उत्तर १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी दिले. प्लॅटिनमभोवती चार घटक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात. दोन क्लोरीन शेजारी-शेजारी असले तर एक संयुग, समोरासमोर असले तर दुसरे. पहिल्याला 'सिस' म्हणतात, दुसऱ्याला 'ट्रान्स'. वेर्नर यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही चौकोनातली बैठक पुढे माणसाचा जीव वाचवण्याशी जोडली जाईल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

जिवाणू लांबच लांब झाले

१९६० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग काम करत होते. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. पेशी विभागताना तिच्या आत जे धागे दिसतात, ते त्यांना चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसासारखे वाटले. मग विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडली. त्यासाठी पट्ट्या वापरल्या प्लॅटिनमच्या, कारण हा धातू कशाशीही सहसा अभिक्रिया करत नाही असे मानले जाई.

घडले ते विचित्रच. जिवाणू मेले नाहीत, वाढत राहिले, पण विभागणे थांबले. काही तर नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत लांबले. विजेचा हा प्रभाव असे जाहीर करून मोकळे होणे सोपे होते. रोझेनबर्ग आणि लोरेटा व्हॅन कॅम्प या त्यांच्या सहकारी मात्र कारण शोधत राहिल्या. द्रावणात अमोनियम क्लोराईड होते. विजेमुळे प्लॅटिनमचा अगदी थोडा अंश त्यात उतरला आणि त्यातून प्लॅटिनम, अमोनिया व क्लोरीन यांची संयुगे तयार झाली होती. विभाजन थांबवत होती ती ही संयुगे. १९६५ मध्ये हे निरीक्षण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

कॅन्सर म्हणजे तरी काय? पेशींचे बेबंद विभाजन. त्यामुळे पुढचा प्रयोग उंदरांच्या गाठींवर झाला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गाठी आक्रसल्या. सर्वात गुणकारी संयुगांमध्ये पेरोनेचे जुने क्षार होते. त्याचे 'ट्रान्स' भावंड मात्र निरुपयोगी ठरले.

रेणू काम कसे करतो?

सिस्प्लॅटिन सहसा मिठाच्या सलाईनमधून देतात, यामागे रसायनशास्त्र आहे. आपल्या रक्तातही क्लोराईड भरपूर असते, त्यामुळे तिथे रेणूतले दोन्ही क्लोरीन बहुतांशी जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराईड खूप कमी असते. तिथे पोचल्यावर क्लोरीन सुटतात, आणि मोकळा झालेला प्लॅटिनम डीएनएच्या शेजारच्या दोन दुव्यांना घट्ट पकडतो. डीएनए त्या जागी वाकतो. पेशीला त्याची नीट नक्कल करता येत नाही आणि ती मरते. दोन मोकळे हात शेजारी-शेजारी असतील तरच अशी पकड बसते. म्हणून 'ट्रान्स' रूप कामाचे नाही.

औषध जवळजवळ सोडून दिले होते

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. गाठी कमी होत होत्या, पण किडन्या निकामी होत होत्या आणि उलट्या थांबत नव्हत्या. हे औषध तिथेच संपले असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात एस्तेबान स्वित्कोविच आणि सहकाऱ्यांनी, आधी कुत्र्यांवर आणि मग पेशंटवर, साधा उपाय करून पाहिला: भरपूर सलाईन आणि लघवी वाढवणारे मॅनिटॉल. किडनीची इजा खूप कमी झाली. तुम्हाला किमोच्या आधी आणि नंतर ज्या बाटल्या लावतात, त्यांचे मूळ इथे आहे.

१९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन आणखी दोन औषधांसोबत दिले. हा आजार ऐन तारुण्यात होतो. तोवर असे जेमतेम १०० पैकी १० तरुण वाचत. आज सुमारे ८० बरे होतात. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पुढे किडनीला कमी त्रास देणारे कार्बोप्लॅटिन आले. जपानमधील नागोया येथे तयार झालेले ऑक्झालिप्लॅटिन आतड्याच्या कॅन्सरसाठी वापरात आले.

आपल्याकडे

तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर आपल्याकडे फार. त्यात रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. ते किती आणि कधी द्यावे, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३०० पेशंटवर चाचणी झाली. बहुतेकांची शस्त्रक्रिया आधी झालेली होती. शरीराच्या दर चौरस मीटरला आठवड्याला ३० मिलिग्रॅम, की तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम? २०१८ मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनी आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण आठवड्याच्या डोसने ५८.५ टक्के, तर तीन आठवड्यांच्या डोसने ७३.१ टक्के. मोठ्या डोसचे दुष्परिणाम मात्र जास्त होते. सिस्प्लॅटिन सोसू न शकणाऱ्यांना रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल दिल्यास फायदा होतो, हेही तिथल्याच २०२३ मधील अभ्यासाने दाखवले.

मग भीती खोटी आहे का?

पूर्ण खोटी नाही. प्लॅटिनमचे सूक्ष्म अंश अनेक वर्षांनीही रक्तात सापडतात. ऐकू कमी येणे, हातापायांना मुंग्या येणे हे त्रास काहींना कायमचे राहतात. पण ज्या आजारासाठी हे देतो, तो त्याहून घातक असतो, आणि दुष्परिणाम कमी करण्याचे शोधही थांबलेले नाहीत. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत. लहान मुलांचे कान वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

तुमच्या हातात आहे ते एवढे:

- पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून तेवढे प्याच.
- लघवी कमी झाली, कानात गुणगुण सुरू झाली, मुंग्या आल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा.
- अंगदुखीच्या गोळ्या, काढे, भस्मे मनाने घेऊ नका. काही चालू असेल तर लपवू नका, कारण त्यातल्या काहींचा भार किडनीवरच पडतो.
- त्रास होतो म्हणून परस्पर डोस चुकवू नका. डोस कमी करायचा, औषध बदलायचे की थांबवायचे, हे तपासण्या पाहून ठरवता येते.

धातू तोच, पण किती, कशातून आणि कोणत्या देखरेखीखाली दिला यावर त्याचे विष होणार की औषध, हे ठरते. हे शिकायला माणसाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ते ज्ञान आज तुमच्या वॉर्डातल्या त्या सलाईनच्या बाटलीपर्यंत पोचले आहे.