अकरा ओळींची दुपार

(वेळा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या)

११ मार्च २०१६ : कॅनडातल्या किक या मेसेजिंग कंपनीला एनपीएमवर ‘किक’ हे नाव हवे आहे. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांचे तयार कोडच्या पॅकेजेसचे सामायिक कोठार. ते नाव अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने आपल्या मुक्त प्रकल्पाला आधीच दिलेले. तो नकार देतो.

१८ मार्च : एनपीएम ते नाव किक कंपनीला द्यायचे ठरवते. अझर चिडतो. माझे सगळेच काढून टाका, म्हणतो.

२२ मार्च : तो स्वतःच अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतो. त्यांत एक ‘लेफ्ट-पॅड’. जेमतेम ११ ओळी. आकड्याच्या डावीकडे हवी तेवढी शून्ये किंवा मोकळ्या जागा भरायच्या. ५ द्या, ००५ घ्या. लिहिणारा एक, सांभाळणाराही तोच.

दुपारी २.३० : एनपीएमवर मिनिटाला शेकडो मागण्या अयशस्वी. बेबेल हे जगभर वापरले जाणारे साधन ‘लाइन-नंबर्स’ मागते, ते लेफ्ट-पॅड मागते, आणि तिथे काहीच नाही. बेबेल वापरणाऱ्या कितीतरी जणांनी लेफ्ट-पॅड हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचले, तेही ‘सापडले नाही’ सांगणाऱ्या ४०४ च्या शेजारी. इतक्या जणांचे काम ज्यावर अडले, त्याची काळजी वाहायला मात्र एकच माणूस होता. वापरणाऱ्यांच्या गर्दीला समुदाय म्हणायची आपली सवय मला म्हणूनच घातक वाटते.

२.४० : पण गर्दीतूनच माणूस पुढे येतो. दहा मिनिटांच्या आत कॅमेरॉन वेस्टलँड तसेच काम करणारे लेफ्ट-पॅड त्याच नावाने चढवतो. कोड खुला, नाव मोकळे पडलेले. कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या समुदायाचे बळ ते हेच, आणि ते खरे आहे.

तरीही बिल्ड पडतच राहतात. त्याची आवृत्ती १.०.०, आणि लाइन-नंबर्सला नेमकी ०.०.३ च हवी. एकदा वापरलेला आवृत्ती-क्रमांक पुन्हा कुणालाच वापरता येत नाही, असा कोठाराचा नियम. तो मोडणे फक्त एनपीएम कंपनीच्या हाती. इथे माणसे कितीही असती तरी उपयोग नव्हता.

४.०५ : जुनी ०.०.३ बॅकअपमधून परत आणत असल्याची एनपीएमची घोषणा. असे पूर्वी कधी केलेले नव्हते.

४.५५ : काम पूर्ण. जवळजवळ अडीच तास गेले.

त्याच महिन्यात नियम बदलला : २४ तासांहून जुने पॅकेज आता लेखकाला परस्पर काढता येणार नव्हते. २०१७ मध्ये डावीकडे भरण्याची सोय खुद्द जावास्क्रिप्टमध्येच आली.

आपल्या प्रकल्पाच्या डिपेंडन्सींची यादी आज उघडा. ज्या नावामागे एकच माणूस दिसेल, त्याला लिहा : जोडीला कुणी हवे आहे का?