जोडीची गति

इंग्रजी अमदानींत यवतमाळचा कापूस अरुंदमापी रेल्वेनें मूर्तिजापुरास जाई व तेथें रुंदमापी गाडींत चढे. मोठा मार्ग कितीहि समर्थ असो, छोटी गाडी आणील तेवढाच माल त्यास मिळे. संगणकावरील खेळाचेंहि तसेंच आहे. प्रोसेसर चित्राची आखणी करतो, ग्राफिक्स कार्ड तें रंगवितें. १९९९ सालीं जीफोर्स २५६ नें आकृतींचें व प्रकाशाचें गणितहि कार्डाकडे नेलें. खेळाचे नियम व आखणी मात्र प्रोसेसरकडेच राहिली. सेकंदास ६० चित्रें हवीं असल्यास दोघांनींहि प्रत्येक चित्राचें काम सुमारें १७ मिलिसेकंदांत उरकलें पाहिजे; जो मागें पडेल त्याचीच गति खेळास लाभते. रेझोल्यूशन उतरवूनहि ती वाढली नाहीं, तर बहुधा प्रोसेसरच मागें आहे असें समजावें. मग महाग कार्डावर घरचा पैसा वेंचणें व्यर्थ होय.