गजन पिन : जखडलेली आणि मोकळी

बऱ्हाणपूरच्या केळीच्या बागेतील पंपाचे डिझेल इंजिन आणि शर्यतीची मोटार यांत साम्य ते काय, असे कोणी विचारील. ते साम्य बोटाएवढ्या एका पोलादी खिळीत आहे. दट्ट्या आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणाऱ्या या खिळीला कारागीर ‘गजन पिन’ म्हणतात. ती जखडावी की मोकळी ठेवावी, हा इंजिन बांधणाऱ्यांपुढील जुना प्रश्न आहे.

1908 साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत ही पिन रॉडच्या टोकात बोल्टने आवळलेली असे. संथ इंजिनाला तेवढे पुरे होते. पुढे रॉडचे टोक तापवून त्यात पिन घट्ट बसविण्याची स्वस्त रीत रूढ झाली. नेहमीच्या मोटारीला ती पुरेशी ठरली.

वेग वाढला की मात्र हिशेब बदलतो. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या सेकंदाला 200 वेळा दिशा पालटतो. फेरे दुप्पट झाले की पिनेवरील ओढ चौपट होते. म्हणून दट्ट्या हलका हवा. 1913 मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी फ्रान्समधील डीएफपी कारखान्यात दट्ट्याच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे पेपरवेट पाहिले. त्यावरून त्यांनी आपल्या मोटारीत तशाच धातूचे दट्ट्ये बसविले आणि इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर विक्रम केले. तथापि ॲल्युमिनियम तापले असता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंड दट्ट्यात घट्ट असलेली पिन तापल्यावर सैल पडते. अशा ठिकाणी ती दट्ट्यात आणि रॉडमध्ये, दोन्हीकडे मोकळी फिरू देणे श्रेयस्कर ठरले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांना उडविणाऱ्या रोल्स-रॉइसच्या 27 लिटरच्या ‘मर्लिन’ इंजिनात हीच मोकळी, पोकळ पिन होती.

परंतु मोकळ्या पिनेला आवर हवा. तिच्या दोन्ही टोकांना दट्ट्याच्या खाचेत स्प्रिंगच्या कड्या, म्हणजे ‘लॉक’, बसवितात. एक लॉक निसटले तरी पिन बाजूला सरकते आणि सिलिंडरची भिंत ओरबाडून काढते. म्हणूनच जाणता कारागीर जुने लॉक पुन्हा वापरीत नाही.

1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि शेतीच्या कामासाठी देशी डिझेल इंजिने मिळू लागली. डिझेल इंजिनाचे फेरे कमी असले तरी ज्वलनाचा दाब मोठा असतो. म्हणून त्यातही बहुधा मोकळीच पिन घालतात. बागेच्या बांधावर बसून नवे लॉक चपखल बसविणारा मिस्त्री आणि शर्यतीचे इंजिन जुळविणारा तंत्रज्ञ एकच नियम पाळीत असतात : भार जाणून मोकळीक द्यावी, आणि मोकळीक दिली की पहारा ठेवावा.