खत जाळलं, पुढे काय? फ्रान्स 1789 आणि आपला जुन्नर-आंबेगाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली दोन चित्रं आठवतात. एक बॅस्टिलचा तुरुंग, दुसरं गिलोटिन. पण 1789 च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या बाहेर, खेड्यापाड्यांत जे झालं ते मला आपल्या जास्त जवळचं वाटतं. शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या गढ्यांवर चाल केली. बऱ्याच ठिकाणी त्यांनी सोनंनाणं मागितलंच नाही. मागितली ती दप्तरं. कुणी किती धान्य द्यायचं, कुणी कुठली वेठ करायची, हे ज्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं होतं ते कागद. ते अंगणात आणले आणि पेटवले.

आता 86 वर्षं पुढे या आणि पुणे जिल्ह्यात या. 12 मे 1875. गाव सुपे, आजच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचा दिवस. शेतकरी जमले, सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले, आणि मागितलं काय? वह्या आणि खतं. खत म्हणजे कर्जाचा लेखी कागद. तो हातात आला की लगेच जाळायचा.

या दोन्ही गावांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. तरी दोघांनाही कळलं होतं की आपल्याला बांधून ठेवणारा दोर कागदाचा आहे. आजचा माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कागद जळाला, राख उडाली. दुसऱ्या दिवशीपासून काय झालं?

आधी कर्ज समजून घेऊ

1818 ला पेशवाई गेली आणि इंग्रजांनी रयतवारी आणली. सारा ठरलेला, रोखीत, आणि पाऊस पडो न पडो भरायचाच. रोख कुठून येणार? सावकाराकडून. त्यात 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतून पैसा वाहायला लागला, सावकार मागाल तेवढं कर्ज द्यायला लागले. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला आणि तोच सावकार वसुलीला दारात उभा राहिला. त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी केली. काही ठिकाणी वाढ 50 ते 100 टक्के.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतं चालायचं. हेतू चांगला होता, व्याज फार साचू नये. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचा. तुम्हीच मोबाईलवर हिशोब करा. 100 रुपये, वर्षाला 25 टक्के. तीन वर्षांनी नवं खत 175 चं. सहा वर्षांनी 306 चं. नऊ वर्षांनी जवळपास 536 चं. मधे काही भरलं असेल तर त्याची पावती नाही. लिहिता-वाचता येत नाही, अंगठा उमटवायचा. पुढे चौकशी आयोगासमोर तर असंही प्रकरण आलं की 100 रुपयांच्या कर्जावर 2000 रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं.

सुप्याची ठिणगी भीमथडी, इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा अशी पसरली. शिरूर आणि पारनेर म्हणजे आपल्या आंबेगाव-जुन्नरचे शेजारीच. एक लक्षात ठेवा, जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून 951 जणांना अटक झाली, 501 जणांना शिक्षा झाली.

डोंगरातलं बंड

पण हे झालं पठारावरचं. मंचर सोडून पश्चिमेला घोडेगाव आणि पुढे भीमाशंकरच्या बाजूला वळलं की मुलूख बदलतो. महादेव कोळ्यांचा मुलूख. नाचणी, वरई, भात आणि हिरडा. इथे बंड नवं नव्हतं. 1839 मध्ये घोडेगावच्या सरकारी कचेरीवर हल्ला झाला होता. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सह्याद्रीच्या या रांगेत इंग्रजांना वर्षानुवर्षं झुंजवलं. 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. योगायोग बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी आपल्या शेवटच्या राजाला पळवून लावलं होतं.

1873 च्या सुमारास जांभोरीचे होनाजी भागूजी केंगले उभे राहिले. इंग्रजांच्या कागदात ते 'होन्या'. जांभोरी आपल्या आंबेगाव तालुक्यातली. त्यांची माणसं पुणे, नगर आणि ठाण्याच्या घाटमाथ्यावर फिरायची आणि सावकारांना गाठायची. इथला राग जास्त कडवट होता. सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी आहेत, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. डोंगरातली गावं सोडून सावकार पळायला लागले. सरकारने होनाजींवर 1000 रुपयांचं बक्षीस लावलं, फौज आणि सशस्त्र पोलीस आणले. 1876 मध्ये मेजर डॅनियलने त्यांना पकडलं.

राख थंड झाल्यावर

आता फ्रान्सकडे परत जाऊ. गढ्या जळायला लागल्या तेव्हा राष्ट्रीय सभा घाबरली. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरदारांनी उभं राहून आपले हक्क सोडल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पण बारीक अक्षरात एक मेख होती. बरीचशी देणी फुकट माफ नव्हती, शेतकऱ्याने नुकसानभरपाई भरून त्यांतून सुटायचं होतं. शेतकरी भरेनात. गावोगावी पुन्हा भडका. अखेर 17 जुलै 1793 ला कायदा झाला: देणी रद्द, भरपाई नाही, आणि जुने कागद सरकारच जाळणार. जे आधी गुन्हा होतं ते चार वर्षांत कायद्याचं कलम झालं.

त्यानंतर फ्रान्समध्ये काय काय नाही झालं! दहशतीचं राज्य, नेपोलियन, 1814-15 ला राजघराणं परत. राजा परत आला, पण ती देणी परत आली नाहीत. चर्चच्या जप्त केलेल्या जमिनी विकल्या गेल्या होत्या, तो व्यवहारही परत आलेल्या राजाला मान्य करावा लागला. अर्थात त्या जमिनी ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनीच जास्त घेतल्या. गरिबाच्या वाट्याला थोडंच आलं. पण वेठीचा कागद संपला तो संपलाच.

आपल्याकडे? आयोग बसला, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कायदा कामाचा होता. कोर्टाने खतावरचा आकडा डोळे झाकून न मानता कर्जाचा इतिहास मुळापासून तपासायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचं. पावती द्यायची. म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्यांनी जे आगीने सांगितलं होतं, ते निम्मं तरी सरकारने शाईने मान्य केलं.

पण सावकार हुशार. कर्जाच्या कागदाची चौकशी होते ना, मग कर्जाचा कागद करायचाच नाही. थेट खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी म्हणायचं, पैसे फेडलेस की जमीन परत. तोंडी! सारा तर तसाच राहिला, त्याला कुणी हात लावला नाही.

आणि जांभोरीला काय मिळालं? 1878 चा वन कायदा. राबासाठी टहाळ तोडायचे, गुरं चारायची, हिरडा गोळा करायचा, तो डोंगर राखीव झाला. कालची वहिवाट आज गुन्हा. पठारावरच्या बंडावर आयोग बसला, डोंगरातलं बंड मात्र गॅझेटियरमध्ये 'टोळी' आणि 'दरोडे' या शब्दांत बंद झालं. ज्याला दरोडा म्हटलं, त्याची तक्रार कोण ऐकणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. कागद दोन्हीकडे जळले. फरक पडला तो नवा कागद लिहिताना. फ्रान्सचा शेतकरी त्या सभेत थेट बसला नव्हता, पण ती सभा त्याच्या नावाने चालायची आणि तिला त्याला घाबरावं लागायचं. 1879 चा कायदा लिहिणाऱ्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये सुप्याचा कुणी नव्हता, जांभोरीचा तर नव्हताच. त्यामुळे मिळाली ती सवलत. हक्क मिळाला नाही. हे ज्यांनी ओळखलं त्यांत जोतीराव फुले होते. 1883 चा 'शेतकऱ्याचा असूड' वाचा, त्यात सावकाराइतकाच कचेरीतला कागद दिसेल. पुढे त्याच दशकात जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनी कसायला नकार दिला, तेव्हा सत्यशोधक मंडळी त्यांच्या पाठीशी होती. खत जाळण्यापासून एकजुटीने नांगर थांबवण्यापर्यंतचा हा प्रवास मला फार मोठा वाटतो.

डोंगराच्या वहिवाटीला कायद्याने 'हक्क' म्हणायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. होनाजींना पकडल्यानंतर तब्बल 130 वर्षांनी. त्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, म्हणजे पहिला कागद गाव लिहितं. तुम्ही आदिवासी पट्ट्यातले असाल तर तुमच्या गावाने सामूहिक दावा केलाय का, तो कुठे अडकलाय, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि पठारावरचे असाल तर घरचा सातबारा फोनवर उघडाच, पण तेवढ्यावर थांबू नका. जुने फेरफार काढा आणि 1880 नंतर जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघा. काही सापडलं तर मला कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू.

तोवर, भेटू पुढच्या भागात.