सुकाणू वाऱ्याच्या हाती

एकटा माणूस शिडाची नौका घेऊन महासागरात जातो, तेव्हा तो झोपतो कधी? सुकाणू सोडलं की नौका भरकटणार, धरून बसावं तर डोळा लागणार नाही. हा पेच सुटला तो एखाद्या मोठ्या गोदीत नव्हे, तर बागेतल्या तळ्याच्या काठी. छोट्या मॉडेल यॉट सोडणाऱ्या हौशी मंडळींनी तो सोडवला.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या राउंड पाँडवर एकोणिसाव्या शतकापासून अशा छोट्या यॉट धावताहेत. पुढे गावोगावी क्लब निघाले आणि त्यांच्यात सामने होऊ लागले. सामन्याची रीत अशी : त्यासाठीचं तळं लांबट असतं. दोन क्लबांच्या दोन नौका एकदमच सोडतात. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना त्या नागमोडी, या काठावरून त्या काठावर अशा पुढे सरकतात. दोन्ही काठांनी त्यांची माणसं हातात काठी घेऊन झपझप चालत असतात. नौका काठाला आली की काठीने तिचं तोंड फिरवून पुन्हा सोडायची. वाऱ्याविरुद्धची फेरी जिंकली तर 3 गुण, वाऱ्यासोबतची जिंकली तर 2. अवघड कामाला जास्त मोल, हे मला फार रास्त वाटतं. प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडेपर्यंत हे चालतं, त्यामुळे दिवसभरात पायांना भरपूर व्यायाम होतो.

खरी गोम मात्र दोन काठांच्या मधल्या पाण्यात आहे. तिथे नौकेला कुणाचा हात लागत नाही, आणि त्या काळी रिमोटही नव्हता. मग ती सरळ जाणार कशी? सुरुवातीला शिडंच अशी बांधत, की तोल साधून नौका आपोआप दिशा धरील. वाऱ्याविरुद्ध हे जमे. वारा पाठीमागून आला की मात्र ती गर्रकन वळे. म्हणून वजनदार सुकाणू लावून पाहिली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज ब्रेन यांनी मोठ्या शिडाची दोरीच सुकाणूला जोडली. वाऱ्याने शीड जितकं ओढलं जाई तितकं सुकाणू वळे, आणि जोर ओसरला की रबराच्या ताणाने ते पुन्हा मधोमध येई. ही युक्ती अनेक वर्षं चालली.

मग 1935 मध्ये सॅम बर्गे हा नॉर्वेचा स्पर्धक इंग्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत वेगळंच यंत्र लावून उतरला. नौकेच्या पिछाडीला उभं, हलकं पातं, शाळेच्या भूगोलात असतं त्या वातकुक्कुटाच्या जातीचं. त्याला ‘व्हेन’ म्हणतात. सोडण्याआधी नौकेचा वाऱ्याशी कोन ठरवायचा आणि पातं त्या बेताने सुकाणूला जोडायचं. नौका वाटेवरून ढळली तरी पातं वाऱ्याचीच दिशा धरून राहतं. म्हणजे नौका त्याच्याभोवती फिरते, जोडणी हलते आणि सुकाणू तिला परत वळवून आणतं. इथे शिडाच्या ओढीचा संबंध उरत नाही, थेट वाऱ्याची दिशाच सुकाणू धरते. ब्रेनच्या युक्तीवर ही खरी मात होती. पुढच्या काही वर्षांत व्हेन सगळीकडे पसरला.

मोठ्या यॉटवाल्यांना याची निकड नव्हती, कारण त्यांच्याकडे सुकाणू धरायला माणसं होती. निकड आली 1960 मध्ये. प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत जाहीर झाली, आणि तीत उतरणारे दर्यावर्दी फ्रान्सिस चिचेस्टर राउंड पाँडवर जाऊन छोट्या यॉट न्याहाळू लागले. त्यांनी आपल्या जिप्सी मॉथवर तसंच यंत्र, अर्थात मोठ्या मापाचं, बसवलं, त्याला ‘मिरांडा’ नाव दिलं आणि चाळीस दिवसांत शर्यत जिंकली. दुसऱ्या आलेल्या ब्लाँडी हॅस्लर यांनी पुढे या तंत्राला आणखी बळ दिलं. पातं फक्त इशारा देईल आणि जड सुकाणू वळवायचा जोर वाहतं पाणी पुरवील, अशी त्यांची रचना होती. आजचे बहुतेक व्हेन त्याच घराण्यातले.

या घराण्याचा एक धागा मुंबईलाही येतो. थांबा न घेता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पुरी करणारी ‘सुहैली’ ही सागवानी नौका कुलाब्यात बांधली गेली, वाकस आणि सामत्याने काम करणाऱ्या इथल्या सुतारांच्या हातून. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यावर स्वतः घडवलेला व्हेन बसवला होता. त्याला ते ‘ॲडमिरल’ म्हणत. अर्ध्या वाटेत तो मोडला. मग त्यांनी शिडांचा तोल साधून नौका चालवली, म्हणजे तळ्यावरच्या सर्वांत जुन्या रीतीकडेच ते वळले, आणि 22 एप्रिल 1969 ला फॅल्मथला पोचले. त्या सफरीच्या स्मरणार्थ 2018 मध्ये झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेवरचा ऑटोपायलट वर्ज्य होता. वाऱ्याचा व्हेन तेवढा चाले. गोव्यात बांधलेली, सुहैलीच्याच घडणीची ‘थुरिया’ घेऊन भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी त्यात उतरले होते.

तळ्यावर आता रेडिओचं राज्य आहे. 1988 पासूनच्या एक मीटर लांबीच्या नौका काठावर उभं राहून बोटांनी वळवता येतात. इंग्लंडमधले काही क्लब मात्र व्हेनच्या शर्यती अजून निष्ठेने भरवतात. सागरी सफरींच्या पुस्तकांत चिचेस्टर आणि हॅस्लर यांना मानाचं पान मिळतं, ते योग्यच आहे. त्याच पानावर सॅम बर्गेचं नावही यायला हवं.