साखरखेर्ड्याची वाट आणि जीपची उंची

बुलढाणा जिल्ह्यातलं साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकांत एका लढाईपुरतं येतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथल्या शिवारात निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान समोरासमोर आले. निजामाला दख्खनमधून हटवावं अशी दिल्ली दरबाराची इच्छा होती आणि मुबारिज खान त्यासाठीच चालून आला होता. तो लढाईत मारला गेला. निजामानं गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा, म्हणजे विजयाचं गाव, असं ठेवलं. पुढच्याच वर्षी बादशहा मुहंमद शाहनं त्याला आसफजाह हा किताब दिला आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पक्का झाला. दोन्हीकडचे सेनापती मुसलमान. पहिला बाजीराव निजामाच्या बाजूनं होता, असं मराठी इतिहासकार लिहितात. या लढाईत हिंदू-मुसलमान असा सामना शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

सरकारी कागदांत फतेहखेर्डा हे नाव बराच काळ चाललं. लोकांनी मात्र साखरखेर्डाच म्हणायचं ठरवलं आणि शेवटी तेच उरलं.

माझ्या बहिणीचं घर याच गावात आहे. तिच्या मुलानं एक जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली आहे. शेत काळ्या जमिनीत, पाणंद रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. त्याला जीप चार इंच उचलायची आहे. व्हिडिओंत तशा जीपा दिसतात, मित्रही म्हणतात, आणि किट घरपोच मिळतं. त्यानं विचारलं, "मामू, चार इंच उचलू की सहा?" मी मिस्त्री नाही. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर जुन्या गोष्टींत आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

या मातीत आधी बैलगाडी चालली. वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांतूनच खामगावच्या बाजारात जायचा. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, तरी शेतापासून स्टेशनापर्यंत गाडीच लागायची. त्या गाडीला ना स्प्रिंग, ना पाटे. आख थेट साट्याखाली. मग ती चिखलातून कशी निघायची? मोठ्या चाकामुळे. आख जमिनीपासून किती वर राहणार हे चाकाचा व्यास ठरवतो, दुसरं काही नाही. हे सुताराला ठाऊक होतं. म्हणून काळ्या मातीतल्या गाडीचं चाक उंच असायचं, आणि धाव चढवताना लोहार त्याची गोलाई पुन्हा पुन्हा बघायचा.

जुन्या जीपला हाच नियम लागू पडतो. तिचा मागचा आणि पुढचा आख सरळ, अखंड असतो. त्याला डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. चिखलाच्या चाकोरीत आधी टेकतो तो हा गोळा. पाट्यांवरची बॉडी चार इंच उचला नाहीतर दहा इंच, गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो वर घ्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आख एक इंच वर येतो. बॉडी उचलण्याचा उपयोग दोनच बाबतींत होतो. मोठा टायर मडगार्डला घासत नाही, आणि चढ-उतारावर गाडीचं नाक किंवा शेपूट टेकत नाही.

जीप मुळात उंच दिसावी म्हणून बनलीच नव्हती. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्करानं हलक्या गाडीसाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टनं आराखडा काढला आणि सप्टेंबर अखेरीस गाडी मेरीलँडच्या हॉलाबर्ड छावणीत पोचली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती लाखोंनी बनवली. लष्कराच्या अटींमध्ये एक अट अशी होती की गाडी बुटकी असावी. काच खाली पाडली की ती झुडपाआड लपली पाहिजे. उंच दिसणारा आधी मारला जातो, हे सैनिकाला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे सेनापती हत्तीवर बसायचे, कारण सगळ्या फौजेला ते दिसले पाहिजेत. १६५८ मध्ये सामूगढला दारा शिकोह हत्तीवरून उतरला, तर रिकामा हौदा बघून त्याच्याच फौजेनं धीर सोडला. उंचीला मान असतो आणि तिची किंमतही असते. जीप बनवणाऱ्यांनी मान बाजूला ठेवला आणि आख जमिनीपासून जेवढा वर हवा तेवढाच घेतला.

ही गाडी आपल्याकडे कशी आली, त्या गोष्टीत साखरखेर्ड्याशी जोडलेला एक लांबचा धागा आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी सुरू झाली. तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे मलिक गुलाम मुहम्मद. गुलाम मुहम्मद अलिगढला शिकलेले, हिशेब आणि अर्थ खात्यातले जाणकार. त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या अर्थखात्याचं काम पाहिलं होतं. म्हणजे साखरखेर्ड्याच्या लढाईतून उभं राहिलेलं राज्य दोनशे वर्षांनंतर ज्यांच्या हाती आपले हिशेब देत होतं, त्यांतलेच एक गृहस्थ पुढे या कंपनीच्या पाटीवर आले. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते. तिथे विलीजचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्याशी ओळख झाली आणि जीप भारतात आणण्याचा विचार पक्का झाला.

फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली तेव्हा पाटीवर मोहम्मद नव्हता.

ही गोष्ट आपल्या लोकांत अनेकदा हळहळून सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते. पाटीवरचं नाव गेलं ते स्वतःच्या मर्जीनं गेलेल्या एका मोठ्या माणसाचं. जे गेले नाहीत, त्यांचं काय? त्यांनी ही गाडी चालती ठेवली. आमच्या भागात पाट्यांच्या दुकानांत, रेडिएटरच्या टपऱ्यांत, डिझेल पंपाच्या बाकांवर मुसलमान मिस्त्री मोठ्या संख्येनं दिसतात. तुटलेला पाटा भट्टीत लाल करून, ठोकून त्याला पुन्हा कमान देणं, तेलात विझवणं, सेंटर बोल्ट बसवून यू-क्लॅम्प कसणं, हे काम बापाकडून मुलाकडे आलं. काळी-पिवळी जीप जेव्हा खेड्यापाड्यांत एसटीची उणीव भरून काढत होती, तेव्हा मागे पंधरा माणसं आणि टपावर पोती घेऊन ती चालली, ती याच मिस्त्र्यांच्या भरवशावर. त्यांना 'लिफ्ट' हा शब्द माहीत नव्हता. ओझं वाढलं की ते एक पाटा वाढवायचे. गाडी उचलली जायची, पण ओझ्यासाठी.

अशाच एका म्हाताऱ्या मिस्त्र्याला मी भाच्याचा प्रश्न सांगितला. त्यांनी उलट विचारलं, "आधी मोजली का? कंपनीतून आली तेव्हा किती होती, आज किती आहे?"

मला वाटतं, सगळं इथेच आहे. तीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. कमान सपाट होते, शॅकलचे बूश झिजतात, एखादा पाटा आतून तडकलेला असतो. गाडी दीड-दोन इंच खाली आलेली असते आणि मालकाला ती जन्मतः बुटकी वाटते. त्याला हवी असलेली अर्धी उंची त्याचीच हरवलेली उंची असते. पाट्यांना पुन्हा मूळ कमान दिली, बूश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, की ती परत मिळते.

त्यापुढचे मार्ग आणि त्यांची किंमत अशी. एक पाटा वाढवला तर गाडी थोडी वर येते, ओझं पेलते, पण रिकामी असताना उडते. शॅकल दोन इंच लांब केला तर आख मधोमध असल्यानं गाडी एकच इंच उठते, शिवाय पुढच्या आखाचा कल बदलतो आणि स्टेअरिंग भटकायला लागतं. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घातले तर टायरला जागा मिळते, बाकी काही नाही. चौथा मार्ग पाटा आखाखालून काढून आखावर बसवण्याचा. गाडी एकदम चार-पाच इंच उठते. पण मग प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे होज तोकडे पडतात, स्टेअरिंगचे दांडे तिरपे होतात. एक गोष्ट बदलली की पाच बदलावी लागतात. किटच्या जाहिरातीत पहिलीच दिसते.

शिवाय पलटी. १९८० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमानं जीपच्या सीजे-५ गाड्या वळणावर कशा उलटतात ते देशाला दाखवलं. त्या गाड्या कंपनीच्याच उंचीच्या होत्या, कोणी उचललेल्या नव्हत्या. आपली एमएम ५४० त्याच घराण्यातली. आता सिंदखेडराजा-मेहकर पट्ट्यातून समृद्धी महामार्ग जातो. पाणंदीत कामाला येणारी जास्तीची उंची तिथल्या वेगात, अचानक लेन बदलताना, जीव घेऊ शकते. जीपमध्ये माझी बहीण बसते, तिची नातवंडं बसतात.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे अडकलेली जीप शेताच्याही उपयोगाची राहत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच.

म्हणून भाच्याला मी हे सांगितलं. आधी सपाट जागेवर गाडी उभी करून चारही कोपरे मोज. पाटे उतरवून मिस्त्र्याकडे ने आणि मूळ कमान परत आण. बूश, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, यू-क्लॅम्प नवे टाक. टायर कंपनीच्या मापात बसणारा, पण खोल नक्षीचा घे, आणि चिखलात त्याची हवा थोडी कमी कर. डांबरीवर येण्याआधी पुन्हा भर. एक पावसाळा असा काढ. त्यानंतरही गोळा टेकत असेल, तर पाणंदीवर मुरूम टाकण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दे. त्याचा फायदा शेजारच्या बैलगाडीलाही होईल.

तो थोडा हिरमुसला. मग त्यानं विचारलं, "मूळ उंची किती होती, हे कुठे कळेल?" मी त्याला त्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांचा पत्ता दिला.